हार्ट अटॅकनंतर काय खावं, किती चालावं

पंचेचाळीस-पन्नाशीत हार्ट अटॅक येऊन गेलेलं माणूस घरी आलं, की सगळं घर त्याला जपायला लागतं. पाण्याचा पेलाही हातात आणून दिला जातो. 'तू उठू नकोस' हे दिवसातून कितीदा तरी कानावर पडतं. भेटायला येणारे शिरा आणि डिंकाचे लाडू घेऊन येतात. यामागची माया खरी असते, पण या दिवसांत हृदयाला हवं असतं ते थोडं थोडं वाढत जाणारं काम आणि मोजून वाढलेलं ताट. काही घरांत याच्या उलटही घडतं. अँजिओप्लास्टी झाली, छातीतलं दुखणं थांबलं, म्हणजे आजार संपला असं समजून माणूस पंधरा दिवसांत पूर्वीच्याच धावपळीला लागतो. भीतीने पडून राहणं आणि निर्धास्त होऊन सुटणं, दोन्ही सारखंच महागात पडतं. या दोहोंच्या मधून पहिले तीन महिने कसे काढायचे, ते इथे सांगायचं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न ऐन कर्तेपणाच्या वयात उभा राहतो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३व्या वर्षी आल्याचं दिसलं, इतरांना तो ५९च्या आसपास आला होता. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासातून धीर देणारी एक गोष्टही पुढे आली. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू, एवढ्या नऊ गोष्टी मिळून पहिल्या अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका ठरवतात. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट औषधाने किंवा रोजच्या वागण्याने बदलता येते.

स्टेंट बसवल्यावर काय उरतं

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत साचलेला चरबीचा थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. जितका वेळ तो बंद, तितका जास्त स्नायू मरतो. मेलेल्या भागाच्या जागी घट्ट व्रण तयार होतो आणि तो पक्का व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून या काळात श्रम वाढवायचे ते टप्प्याटप्प्यानेच.

स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो. बाकीच्या धमन्यांतला थर जिथल्या तिथे असतो. त्यावर गोळ्या, आहार आणि व्यायाम या तिन्हींचा मिळून उपाय चालतो आणि त्यातलं एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुतेकांना वर्षभर घ्याव्या लागतात. त्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. 'चालतोय रोज, आता कोलेस्टेरॉलची गोळी कशाला' हा विचारही मनातून काढून टाका.

व्यायामाला सुरुवात करण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावर 'ईएफ' म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा बघा. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर ढकललं जातं, ते त्यावरून कळतं. साधारण ५५ ते ७० हा निरोगी आकडा. तो ४०च्या खाली असेल, ठोके अनियमित असतील, पायांवर सूज असेल, दुसऱ्या धमनीतला ब्लॉक अजून उघडायचा असेल किंवा बायपास झाली असेल, तर पुढचं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तसं बदलून घ्या.

पहिले सहा आठवडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकच्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणात ठेवत. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचा अनुभव प्रसिद्ध केला आणि ती जुनी रीत मोडू लागली. पडून राहण्याने पायांत गुठळ्या होतात, फुप्फुसं सुस्तावतात, स्नायू झिजतात आणि मन खचतं. आज अँजिओप्लास्टी सुरळीत झालेला रुग्ण बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डातच चालायला लागतो.

घरी आल्यावरचा साधारण क्रम असा ठेवता येईल:

- पहिला आठवडा: घरात किंवा इमारतीच्या आवारात सपाट जागेवर ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा.
- दुसरा आठवडा: १० मिनिटं, दोनदा.
- तिसरा आठवडा: १५ मिनिटं, दोनदा.
- चौथा आणि पाचवा आठवडा: २० ते २५ मिनिटं, एकदा. जमलं तर संध्याकाळी आणखी १० मिनिटं.
- सहावा आठवडा: सलग ३० मिनिटं, आठवड्यातले किमान पाच दिवस. म्हणजे आठवड्याची १५० मिनिटं भरतात.

एखादा टप्पा जड गेला तर पुढचा आठवडाही त्याच टप्प्यावर काढा. शेजारच्याचा अटॅक वेगळा होता, त्याच्या वेगाशी तुलना करू नका.

चालण्याची सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं अगदी सावकाश असू द्या. वेगात चालता चालता एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच रेंगाळतं आणि चक्कर येते. वेग किती असावा हे ओळखायची सोपी खूण म्हणजे चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलताना शब्द तुटू लागले तर वेग कमी करा. मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांच्या आकड्यावर विसंबू नका. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यांसारख्या गोळ्यांनी नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, त्यामुळे दमल्यावरही आकडा फारसा चढत नाही.

जेवणानंतर तास-दीड तास चालायला जाऊ नका. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ऊन पडल्यावरच बाहेर पडा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि कोकणातल्या पावसाळ्यात घरातल्या घरात किंवा ओसरीवर चाला. सुरुवातीला सोबत कोणीतरी असावं. खिशात औषधांची यादी, घरचा फोन नंबर आणि डॉक्टरांनी दिली असेल तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असावी. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल तर थोडी साखरही जवळ ठेवा.

याच काळात ओझी उचलायची नाहीत. चार-पाच किलोंची भाजीची पिशवी ही मर्यादा समजा. पाण्याने भरलेली बादली १५ ते २० किलोंची असते आणि घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीसेक किलोंचा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. बद्धकोष्ठात कुंथण्यानेही तेच होतं. म्हणून ताटात पुरेसा चोथा हवा आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घ्यावा.

कधी थांबायचं

चालताना छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटलं, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात पसरलं, दम नेहमीपेक्षा जास्त लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम फुटला किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबा आणि बसा. गोळी दिलेली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ला फोन करा. 'पित्त झालं असेल' म्हणून सोडा पिऊन वाट बघण्यात अनेकांचा मोलाचा वेळ जातो. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, न्याहारीच्या आधी रोज वजन करा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

सहा आठवड्यांनंतर

ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून डॉक्टरांनी परवानगी दिली की वेगाने चालणं, सायकल, पोहणं यांचा विचार करता येतो. आठवड्यातून दोनदा हलक्या वजनांचे व्यायामही सुरू करता येतात. एक-दोन किलोंचे डंबेल किंवा पाण्याच्या बाटल्या घ्या, १० ते १५ वेळा उचला आणि उचलताना श्वास सोडा. वयाच्या या टप्प्यावर स्नायू टिकवले तर साखरही आटोक्यात राहायला मदत होते.

योगासनांबद्दल आपल्याकडे खूप विचारणा होते. भारतातल्या २४ केंद्रांत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या जवळपास चार हजार रुग्णांवर 'योगा-केअर' नावाचा अभ्यास झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. योगावर आधारलेला कार्यक्रम केलेल्यांना प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगले परतले. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येणं यांत मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणून सोपी आसनं, दीर्घ श्वसन आणि शवासन जरूर करा, पण ते गोळ्यांच्या आणि चालण्याच्या जोडीला. शीर्षासन, सर्वांगासन, जोरकस कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणारा कुंभक या काळात टाळा.

मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत 'कार्डिॲक रिहॅब' चालतं. तिथे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करून घेतात. अशा व्यायामाने हृदयविकाराने होणारे मृत्यू साधारण एक चतुर्थांशाने कमी होतात, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र विचार केल्यावर दिसून आलं आहे. तुमच्या गावात सोय असेल तर डॉक्टरांकडे स्वतःहून त्याची चौकशी करा.

पतिपत्नीच्या संबंधांबद्दल रुग्ण बहुधा विचारत नाहीत आणि उगाच घाबरून राहतात. दोन जिने नेहमीच्या चालीने चढून दम लागत नसेल, छातीत दुखत नसेल, तर सहसा हरकत नसते. मात्र सॉर्बिट्रेट किंवा तसल्या नायट्रेट गोळ्या चालू असताना व्हायग्रासारखी औषधं घेऊ नका. रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

तेल आणि मीठ मोजायचं कसं

स्वयंपाकघरात 'तेल कमी घालतो' या वाक्याला फारसा अर्थ नसतो, कारण फोडणीला तेल बहुधा अंदाजानेच पडतं. माणशी दिवसाला तीन छोटे चमचे, म्हणजे महिन्याला साधारण अर्धा लिटर, हे प्रमाण ठेवा. चौघांच्या घराला महिन्याचं दोन लिटर. एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या बरणीत काढा आणि बरणीवर पेनाने चार आठवड्यांच्या चार रेघा मारा. पहिली रेघ पाचव्या दिवशीच गाठली, तर पुढच्या दोन दिवसांत हात आखडायचा. फोडणी चमच्याने मोजूनच घालायची. पहिले आठ-दहा दिवस भाजी कोरडी वाटते, मग जीभ रुळते.

शेंगदाणा, करडई, मोहरी, सोयाबीन, तीळ यांपैकी तेलं आलटून पालटून वापरा. तळून उरलेलं तेल पुन्हा तापवू नका. वनस्पती तूप घरात आणू नका. चहाबरोबरची खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटं हेही बंद. साजूक तुपाचा आग्रह असेल तर वरणभातावर अर्धा छोटा चमचा पुरे, कारण साजूक असलं तरी त्यातली बरीचशी चरबी कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या संपृक्त प्रकारची असते. ओल्या नारळाच्या वाटणालाही हेच लागू.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो एक सपाट छोटा चमचा झाला आणि त्यात लोणचं, पापड, शेव, फरसाण, पाव, सॉस यांतलं मीठही धरायचं असतं. या हिशोबाने चौघांच्या घरात एक किलोची पिशवी निदान ५० दिवस जायला हवी. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. भात, पोळी, भाकरी यांत मीठ घालू नका, ताक अळणी प्या. चवीला लिंबू, आलं, लसूण, जिरेपूड, ओवा, कोथिंबीर आहेच. कोकमाचं आगळ मिठातच मुरलेलं असतं आणि आमसुलांनाही मीठ लावलेलं असतं, हे लक्षात घेऊन त्या आमटीत वरून मीठ घालू नका. सैंधव मिठातही सोडियम जवळपास तेवढंच असतं. बाजारातल्या 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं चालू असतील, तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

ताटात काय हवं

फ्रान्समधल्या लियाँ शहरात हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना भाज्या, फळं आणि मासे जास्त, लाल मांस कमी आणि लोण्याऐवजी वनस्पतिजन्य ओमेगा-३ असलेली चरबी असा आहार दिला. त्यांच्यात पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही खाली गेलं. त्यासाठी ऑलिव्ह तेल किंवा ॲव्होकॅडो आणायची गरज नाही. जवसाची चटणी, बांगडा, मटकीची उसळ आणि मेथीची भाजी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

निम्मं ताट भाजी आणि कोशिंबिरीचं, पाव ताट भाकरी, पोळी किंवा भाताचं, पाव ताट डाळ, उसळ, अंडं किंवा मासळीचं, एवढं डोळ्यांपुढे ठेवा. दिवसाचा एक नमुना असा:

- न्याहारी: भरपूर भाज्या घातलेले थोडे पोहे, मुगाचं धिरडं किंवा नाचणीची आंबील. चहा कमी साखरेचा.
- दुपार: दोन ज्वारीच्या भाकरी किंवा पोळ्या, पालेभाजी, मटकीची किंवा चवळीची उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, वाटीभर ताक.
- चार वाजता: पेरू, पपई किंवा संत्रं, सोबत फुटाणे किंवा चार-पाच बदाम-अक्रोड. खारे दाणे नकोत.
- रात्र, आठच्या आत: भाज्या घातलेली मुगाची खिचडी, किंवा एक भाकरी, फळभाजी आणि वरण.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आठवड्यातून दोनदा खावेत. रश्शात शिजवलेले किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेले असावेत. सुके बोंबील, सुकट, खारा मासा यांत मीठ फार असतं. कोंबडी कातडीशिवाय, मटण क्वचित, कलेजी-भेजा नको. ईएफ कमी असेल तर पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पहिल्या तीन महिन्यांत निर्जळी किंवा दिवसभराचे कडक उपवास करू नयेत. एकादशी मोडवत नसेल तर साबुदाण्याच्या खिचडीऐवजी भगर, राजगिऱ्याची भाकरी, फळं आणि ताक घ्या. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि तूप एकत्र आलं की 'हलकं खाल्लं' म्हणता म्हणता नेहमीच्या जेवणाहून जड होतं. गोळ्या मात्र उपवासालाही चुकवायच्या नाहीत. मधुमेहाच्या गोळ्यांचं त्या दिवसाचं प्रमाण आधी विचारून घ्या.

आणि तंबाखू. सिगारेट, बिडी, गुटखा, मळलेली तंबाखू आणि दातांना लावायची मशेरी, सगळं कायमचं बंद. हार्ट अटॅकनंतर धूम्रपान सोडणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. एवढा मोठा फायदा देणारी गोष्ट दुसरी क्वचितच असेल. स्वतःच्या जोरावर सुटत नसेल तर औषधांची मदत मिळते, ती मागायला संकोच करू नका.

मन आणि घर

अटॅकनंतर दर पाच रुग्णांपैकी साधारण एकाला ठळक नैराश्य येतं. झोप लागत नाही, छोट्या गोष्टीवरून रडू येतं, चिडचिड होते, छातीत बारीक कळ आली तरी जीव घाबरा होतो. दोन आठवड्यांत हे निवळलं नाही तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत आणि मन उभारी धरतं तेव्हाच चालणं आणि पथ्यही टिकतं.

आजारी व्यक्ती घरातली बाई असेल तर घराने जास्त सावध राहायला हवं. पुरुष विश्रांती घेतो, पण बाई बहुधा घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी असते, कपड्यांची बादली उचलते आणि स्वतःच्या चालण्यासाठी मात्र वेळ काढत नाही. तिच्या चालण्याचा अर्धा तास सगळ्या घराने राखून ठेवावा. पाणी, सिलिंडर आणि धुणं दुसऱ्यांनी उचलावं. घरकामात दमणूक होते म्हणजे व्यायाम झाला, असं नसतं.

एक वही ठेवा. रोजचं वजन, रक्तदाब, चाललेली मिनिटं, काही त्रास झाला असल्यास तो, एवढंच लिहा आणि प्रत्येक तपासणीला ती घेऊन जा. रक्तदाब १३०/८०च्या खाली आणि एलडीएल कोलेस्टेरॉल ५५च्या खाली आलं का, ते विचारा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखरही तपासा.

वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर मुलांचा आणि भावंडांचाही धोका वाढतो. तेव्हा रुग्णासाठी वेगळी अळणी भाजी करत बसू नका. सगळ्या घराचा स्वयंपाक एकाच मोजलेल्या तेलात होऊ द्या, संध्याकाळी मुलांनाही चालायला सोबत न्या आणि त्यांचं कोलेस्टेरॉल, साखर, रक्तदाब एकदा तपासून घ्या. एका माणसाचा अटॅक ओळखून बाकीच्यांचा टाळता येण्याची ही वेळ आहे, ती दवडू नका.